पाहुण्यांची गणितं आधी

आता आमच्या विभागाची आकडेमोड करणारी यंत्रं कुठल्या शहरात आहेत, हे विभागातल्या कुणालाच माहीत नाही. ती भाड्याची असतात. मागणी नोंदवली की कामाला लागतात. तक्रार काही नाही. फक्त ती सांभाळणाऱ्याबरोबर चहा पिता येत नाही.

पूर्वी यंत्रं आमची होती. भौतिकशास्त्राच्या इमारतीतल्या मागच्या खोलीत सोळा संगणक एकमेकांना जोडून ठेवलेले, आणि त्यांचा सांभाळ माझ्याकडे. मैदानापलीकडे भूगर्भशास्त्राच्या इमारतीत तसेच सोळा. ते माझ्या मित्राकडे. एसी असलेल्या खोल्या मोजक्याच, त्यामुळे मे महिन्यात दोन्ही विभागप्रमुखांना यंत्रांच्या प्रकृतीची फार काळजी वाटे. ते रोज दुपारी तासभर बसून पाहणी करत.

आमची यंत्रं तुडुंब भरलेली असत तेव्हा नेमकी त्यांची रिकामी, आणि त्यांची भरली की आमची रिकामी. म्हणून आम्ही दोघांनी मैदानाखालून तार ओढून दोन्ही जोडली. इकडे गर्दी झाली की काम तिकडे जाऊ लागलं. सगळं सुरळीत चालल्यावर तीन आठवड्यांनी त्याचं उद्घाटन झालं. नारळ कुठल्या इमारतीत फोडायचा यावर एकमत न झाल्याने दोन फुटले. प्रमुख पाहुण्यांनी लाल बटण दाबलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. चालू यंत्रं बंद करून पुन्हा सुरू करायची आमची हिंमत नव्हती. टाळ्या मात्र खऱ्या होत्या.

रांगेचा नियम आम्हीच चहा पिताना ठरवला होता. पलीकडून आलेलं काम आधी, घरचं मागून.

"पाहुण्याले मागं बसवते काय गा कोणी?" मित्र म्हणाला होता.

मलाही त्यात वावगं दिसलं नाही. लग्नात घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात, अशाच घरांत आम्ही दोघं वाढलेलो.

संशोधक आमच्यापेक्षा हुशार निघाले. आपलं काम घरी लावलं तर रखडतं आणि पलीकडे पाठवलं तर लगेच लागतं, हे त्यांना महिनाभरात कळलं. मग भौतिकवाल्यांची सगळी कामं भूगर्भात, भूगर्भवाल्यांची सगळी भौतिकात. दोन्हीकडे पाहुणेच पाहुणे.

एकच काम घरी अडकलं. भूगर्भशास्त्रातली एक विद्यार्थिनी उमरेडजवळच्या खेड्यातून रोज एसटीने येत असे. तिच्या भागात जमिनीखालचं पाणी कसं सरकतं, हे ती गणिताने मांडत होती. तिची माहिती इतकी अवजड, की आमच्या तारेतून भौतिकात यायला पंधरवडा लागला असता. त्यामुळे गणित तिच्याच विभागात करणं भाग होतं, आणि तिथले पाहुणे संपत नव्हते. पीएचडीची मुदत एकदा वाढवून झालेली; आता ती शुक्रवारी संपणार होती. गणिताला तीन दिवस हवे होते. सोमवारी दुपारी ती आमच्यासमोर उभी राहिली.

"अकरा दिवस झाले, सर. शेवटच्या पंगतीले निदान वरण तरी उरते. इथं तर पहिली पंगतच उठून नाही राहिली."

"नियम बदलू," मित्र म्हणाला. "पण दोन्ही साहेबाईच्या सह्या लागतीन." उद्घाटनानंतर आमच्या नियमाला लेटरहेड मिळालं होतं.

"पहिले कोण सही करते, यातच माहा शुक्रवार जाईन," ती म्हणाली.

तरी मी गेलो. आमचे प्रमुख म्हणाले, आधी त्यांची आणा. पलीकडचे प्रमुखही तेच म्हणाले. तोवर तीन वाजले. मग तिच्या विभागात चाललेली आमची सगळी कामं मी माझ्या खुर्चीवरून थांबवली. त्यात आमच्या प्रमुखांचं दोन दिवस चाललेलं गणितही होतं. मित्राने पुढच्या पाहुण्यांना दार लावलं आणि तिचं काम सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी विचारलं, "आमचं थांबलं कसं?" मी म्हणालो, "वीज." मे महिन्यात नागपुरात एवढा एक शब्द पुरतो. ते हळहळले. ते खोटं अजून माझ्या नावावर आहे.

प्रबंध शुक्रवारी वेळेत गेला. पण मला आठवते ती गुरुवारची दुपार. गणित संपलं होतं. छापलेले कागद चिकटवून केलेला नकाशा तिने फरशीवर पसरला आणि गुडघ्यांवर बसून आपलं गाव शोधलं.

"आमची विहीर कोरडी दाखवून राहिलं," ती म्हणाली.

"मंग चुकलं काय वं गणित?" मित्राने घाबरून विचारलं.

"नाही, सर. दोन उन्हाळे झाले, कोरडीच आहे. मी त्याले हे सांगतलंच नव्हतं!"

आणि ती हसली. घरची विहीर कोरडी निघाल्यावर इतकं आनंदलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. आम्हीही हसलो. ती बोट सरकवत शेजारच्या गावांकडे गेली, आणि एका ठिपक्यावर थांबली. तिथे तिची मावशी राहत होती. नकाशाप्रमाणे मावशीच्या विहिरीला आणखी एकच उन्हाळा होता.

"तिले सांगाव लागन," ती म्हणाली. नकाशा गुंडाळून तिने काखेत घेतला आणि साडेपाचची एसटी गाठायला निघाली.