आंबलेल्या बोंडांचा ढीग

काजूची बी काढून घ्यायची आणि बोंडं झाडाखालीच टाकायची, ही आमच्या बागेतली जुनी रीत. तिसऱ्या दिवशी ढिगाला आंबूस वास सुटतो आणि वानर येतात. त्यांतला म्हातारा हुप्प्या झाडावरच्या ताज्या बोंडांकडे बघतही नाही. ढिगातली आंबलेलीच हुंगून निवडतो, चोखतो आणि डुलत बसतो. लोकांना गंमत वाटते, मला संताप येतो. एवढी अक्कल, ती यासाठी! त्याला कुठे दुसऱ्या दिवशी कुणाला तोंड दाखवायचं असतं?

"बघ, कसो सुखान बसलोहा," काल पडवीतून नवरा म्हणाला. दारू सोडून त्याला आठ महिने झालेत.

"तुमका जावचा हा त्याच्या वांगडा बसूक?"

तो हसला नाही.

आज सकाळी कामांच्या यादीत मी सगळ्यात वर 'बोंडं पुरणे' लिहिलं आणि कुदळ उचलली. हुप्प्या दात विचकून अंगावर आला. मीही कुदळ उगारली, तेव्हा हटला. खड्डा गुडघाभर झाल्यावर मी थांबले. नवरा पडवीतून उतरून जवळ आला. खड्ड्याकडे न बघता हळूच म्हणाला,

"अजून खोल खण गो. माका वास येताहा."