चार इंच जास्तीचे

भल्या पहाटे उठायचं, बर्फासारख्या गार गाडीत बसायचं, कापून झालेल्या मक्याच्या शेतांमधून तासभर गाडी हाकायची, आणि कशासाठी, तर कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीत आपल्या कुत्रीच्या पाऊण मिनिटाच्या धावेसाठी. व्हर्ना टॉलेफसनला याचा आता मनापासून कंटाळा आला होता. गुडघा कुरकुरत होता. जत्रेच्या मैदानावरच्या घोड्यांच्या बंदिस्त रिंगणात तिने घडीची खुर्ची उघडली, डॉटीला मांडीवर घेतलं आणि वाट बघत बसली. उंच कुत्री आधी, बुटकी शेवटी, म्हणजे दुपारपर्यंत तरी सुटका नव्हती.

डॉटी अकरा वर्षांची, टेरियर आणि आणखी कशाकशाची मिसळ, जेमतेम वीतभर उंचीची. तिला एक निर्दोष धाव हवी होती. ती मिळाली की नावामागे तीन अक्षरं लागणार होती. व्हर्नाचा नवरा ऑल्डन या अक्षरांना पदवी म्हणायचा. "आपल्या घरात कुणाला तरी पदवी मिळू दे की," असं तो जेवताना अगदी गंभीर तोंडाने सांगायचा. आज मिळाली तर मिळाली. पुढच्या वर्षी यायचं नाही, हे व्हर्नाने ठरवून टाकलं होतं.

सगळं अडलं होतं ते काठ्यांपाशी. रांगेत उभ्या बारा काठ्या, आणि कुत्र्याने त्यांतून नागमोडी पळायचं. ऑल्डनने परसात लोखंडी पट्टीवर अशाच बारा काठ्या वेल्ड करून दिल्या होत्या, तेव्हाच्या नियमाप्रमाणे वीस-वीस इंचांवर. डॉटीला ते माप अंगाला शिवल्यासारखं बसलं. एका फटीला एक उडी, आणि प्रत्येक उडीला व्हर्नाचं "हप". बारा काठ्या संपेपर्यंत तिचं तोंड थांबायचं नाही. ती रिंगणात उतरली की बाकीच्या बायका म्हणायच्या, "आली गं व्हर्ना, कान झाका."

मग शर्यतीचे नियम ठरवणाऱ्या वरच्या लोकांनी माप बदललं. चोवीस इंच. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. मोठी कुत्री अरुंद फटींतून अंग मुरडून मुरडून पाठ धरून बसत होती. पण डॉटीची एक उडी आता अपुरी पडायची आणि दोन मारल्या तर जास्त व्हायच्या. सातव्या-आठव्या काठीशी ती गोंधळून भलत्याच बाजूने बाहेर यायची. त्याच वर्षी ऑल्डन गेला. दोन्ही एकाच वर्षी, हे जरा अतिच झालं, असं व्हर्नाला वाटलं होतं, पण हे बोलून दाखवायचं कुणाला? डॉटीला. ती उठल्यापासून निजेपर्यंत डॉटीशीच बोलायची.

गेली दोन वर्षं दर धाव त्याच काठ्यांत बुडत होती. मग मागच्या आठवड्यात सरावाच्या दिवशी व्हर्नाचा घसा बसला. आवाज म्हणून फुटेना. मैत्रीण लॉइस कडेला खुर्ची टाकून सुनेने स्वयंपाकघराचा कसा सत्यानाश केला ते सांगत होती. व्हर्नाने नुसता हात केला आणि डॉटी काठ्यांत शिरली. उड्या नाहीत, काही नाही. दोन तुरुतुरु पावलं, वळण, पुन्हा दोन पावलं. जरा सावकाश, पण बाराच्या बारा काठ्या पार.

लॉइस बोलता बोलता थांबली. "अगं, कुत्री शहाणी आहे. खोट तुझ्या तोंडात आहे. तू अजून वीस इंचांचं हप-हप करतेस, आणि ती बिचारी काठ्या बघायच्या सोडून तुझं ऐकते."

"म्हणजे दोन वर्षं मीच..." व्हर्ना कशीबशी पुटपुटली.

"तूच, बाई. आता रविवारी शर्यतीत तोंडाला कुलूप."

रविवार उजाडेपर्यंत घसा मोकळा झाला होता, कुलूप मात्र लावायचं होतं. लॉइसने वाटीभर चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल आणून दिला. व्हर्नाने रोलचा कोपरा मोडला आणि बाकी तसाच ठेवला. नंबर पुकारला.

बुटक्या कुत्र्यांची धाव असली की लोक आपोआप गप्प होतात. एवढ्याशा जिवाला दचकवायला नको म्हणून. पहिले तीन अडथळे डॉटीने छान मारले, बोगद्यातून बाहेर आली आणि काठ्यांत शिरली. व्हर्नाने ओठ घट्ट मिटले. दोन पावलं, वळण, दोन पावलं. सातवी गेली. आठवी गेली. नववीही गेली.

दहाव्या काठीशी डॉटी थांबली. मान वळवून तिने मागे पाहिलं. मग काठ्या सोडून सरळ चालत आली आणि व्हर्नाच्या पायाशी उभी राहून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

सरावाला लॉइसची टकळी चालू होती, हे व्हर्नाला तेव्हा आठवलं. डॉटीच्या कानांवर कुणाचा तरी आवाज होता. इथे एवढ्या मोठ्या रिंगणात चिडीचूप. आणि जो आवाज घरात कधी बंद पडला नाही, तोच बंद पडला, म्हणून ही काठ्या टाकून आपल्याला काय झालं ते बघायला आली होती. व्हर्नाचे डोळे भरून आले. पंचांनी चूक दाखवायला हात वर केला. झालं. पदवी गेली.

लोक उसासे टाकत होते. व्हर्नाने वाकून डॉटीच्या कानामागे खाजवलं, तिला पहिल्या काठीशी नेलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हप."

डॉटीची शेपटी ताठ झाली. हप, हप, हप. जुन्या उड्या, जुना ताल. आठव्या काठीशी नेहमीसारखी भलत्या बाजूने बाहेर. तिथून दोघी तशाच शेवटापर्यंत पळाल्या, एक उड्या मारत, एक लंगडत. कडेवरून लॉइस ओरडली, "कान झाका रे!" आणि डोळे पुसू लागली.

परतीच्या वाटेवर व्हर्ना तासभर बोलत होती. गुडघ्याबद्दल, खाल्ला नाही त्या रोलबद्दल, ऑल्डनला आता काय सांगायचं याबद्दल. डॉटी शेजारच्या सीटवर गाढ झोपली होती. मध्येच सिग्नलला व्हर्ना गप्प झाली, तेव्हा तिने एक डोळा उघडला.

"आहे गं," व्हर्ना म्हणाली, "झोप तू."