सात नंबरची गंजी

जिनिंगमधल्या त्या शनिवारापर्यंत मला माझ्या कामाची कधी भीती वाटली नव्हती. कंटाळा यायचा, डोकं दुखायचं, क्वचित रडूही यायचं. पण भीती नाही. कॉम्प्युटरवर काही चुकलं तर काय होईल? प्रोग्राम बंद पडेल, पुन्हा चालू करू.

मी सौंसरची. बाबा तिथल्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी शाळेत जायच्या आधीपासून कामाला आहेत. मी नागपूरला कॉम्प्युटर शिकले, तिथल्याच एका छोट्या कंपनीत लागले आणि लग्नानंतर पांढुर्ण्याला आल्यावर घरूनच काम करू लागले. नवरा नगरपालिकेत. तो गेला की समोरच्या खोलीत मी आणि लॅपटॉप.

आमच्या कंपनीला बाबांच्याच जिनिंगचं काम मिळालं. त्यात माझा काही हात नव्हता, पण आनंद मला फार झाला. काम असं होतं: शेतकऱ्यांचा कापूस आला की शेडखाली त्याच्या मोठाल्या गंज्या लावतात. कापूस जरा जरी ओला असला तर गंजीच्या पोटात उष्णता धरते. वरून काही कळत नाही, आणि एक दिवस गंजी आतूनच पेट घेते. म्हणून प्रत्येक गंजीत एक लांब लोखंडी सळई खुपसायची, तिच्या टोकाशी तापमान मोजणारं यंत्र, आणि तिथून वायर ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत. आठ गंज्या, आठ सळया, स्क्रीनवर आठ चौकोन. तापमान ठीक असेल तर चौकोन हिरवा. वाढलं तर लाल, आणि सगळ्या आवारात ऐकू जाईल असा भोंगा. तो प्रोग्राम मी लिहिला.

माझ्या लॅपटॉपवर तो झकास चालला. पण माझा लॅपटॉप लिनक्सचा, आणि जिनिंगचा कॉम्प्युटर विंडोजचा, तोही जुना, बत्तीस बिटचा. एकासाठी बांधलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नाही, त्याच्यासाठी वेगळा बांधावा लागतो. त्यात सळयांचे आकडे वाचायचा भाग माझा नव्हताच. तो सळया विकणाऱ्यांनी तयार दिला होता. अशा तयार भागाला आम्ही लायब्ररी म्हणतो. आपला प्रोग्राम आणि ती लायब्ररी शेवटी एकमेकांना जोडायची, त्याला म्हणतात लिंकिंग. घोळ तिथे झाला. त्यांची नवी लायब्ररी चौसष्ट बिटची, ती बत्तीस बिटच्या प्रोग्रामला जोडलीच जाईना. स्क्रीनभर लाल ओळी: हे सापडत नाही, ते जुळत नाही. एक ओळ घालवावी तर चार नव्या येत. चार दिवस मी त्यातच होते. नागपूरहून सर रोज विचारत, ‘झालं का?’

पाचव्या दिवशी सळयांच्या खोक्यातल्या पेनड्राइव्हवर मला त्याच लायब्ररीची जुनी, बत्तीस बिटची फाइल मिळाली. नाव अगदी तेच. मी ती उचलून फोल्डरमध्ये टाकली, बटण दाबलं, आणि एकही लाल ओळ न येता प्रोग्राम जोडला गेला. इतकं हलकं वाटलं की मी उठून स्वतःपुरता चहा ठेवला. ती जुनी फाइल कोणत्या सळयांसाठी होती, हे पेनड्राइव्हसोबतच्या कागदावर छापलेलं होतं. तो कागद मी वाचला नाही.

सौंसरला जाऊन प्रोग्राम बसवला. सगळ्यांसमोर एक नंबरची सळई गरम पाण्याच्या बादलीत बुडवली. चौकोन लाल झाला, भोंगा वाजला, शेठनं पेढे मागवले. बाबा दारात उभे राहून बघत होते. शेजारच्या माणसाला ते म्हणाले, “माही पोरगी.” बाकीच्या सात सळया बुडवून बघाव्या, असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं, शनिवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोन आला.

“का करून राहिली?”

“काम करून राहिली, बाबा.”

“तुले एक सांगाचं होतं. सात नंबरचा आकडा हालूनच नाई राह्यला. तीस म्हंजे तीसच. सकाळी तीस, दुपारी तीस. आठचंबी तसंच. म्या काल गंजीत कोपरापर्यंत हात घातला, तं गरम लागून राह्यलं बाप्पा.”

मी जरा चिडूनच म्हणाले, “बाबा, शेडच्या पत्र्यानं तापलं असंल. मशीन चुकते का?”

“नाई, तू म्हणशीन तसं,” ते म्हणाले. “सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, जातो मी सातवर.”

फोन ठेवला आणि मी पुन्हा कामाकडे वळले. दोन-चार ओळी लिहिल्या असतील. मग माझे हात थांबले. तीस. हा आकडा माझ्या ओळखीचा होता. प्रोग्राम सुरू होताना स्क्रीन रिकामी दिसू नये म्हणून मीच आठही चौकोनांत आधी तीस भरून ठेवले होते. सळईकडून खरा आकडा आला की तो तीसच्या जागी बसायचा. सात आणि आठवर तो कधी बसलाच नव्हता.

मी ड्रॉवरमधून तो कागद काढला. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की ही लायब्ररी सहा सळयांसाठी आहे. माझा प्रोग्राम आठ खाने पुढे करत होता, जुनी लायब्ररी त्यातले सहा भरून परत जात होती, आणि दोघांपैकी कोणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. लिंकिंगच्या वेळी फक्त नावं जुळतात की नाही ते पाहिलं जातं. नावं जुळली होती.

म्हणजे सात आणि आठ नंबरच्या गंज्यांवर कोणाचंच लक्ष नव्हतं. सात नंबरची गंजी गरम होती, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर बाबा तिथेच कामाला जाणार होते.

बाबांना फोन लावला. कामावर असताना ते शर्ट काढून खुंटीला अडकवतात आणि फोन त्याच्याच खिशात असतो. वाजून वाजून बंद झाला. शेठचा फोन बंद. मग ऑफिसात लावला. दिवाणजींनी उचलला, मागे यंत्रांची घरघर.

“दिवाणजी, सात नंबरच्या गंजीवरची माणसं खाली उतरवा. आतून तापली आहे ती.”

“कोन? ताई का? थांबा, पाह्यतो.” थोडा वेळ नुसती घरघर. “नाई ताई, सगळं हिरवं हाये. सात नंबर तीसवर हाये. काई टेन्शन नाई.”

“तो आकडा खोटा आहे! प्रोग्राम चुकलाय, माझ्याकडून चुकलाय.”

“का म्हणता? आवाज नाई येऊन राह्यला. सब हरा है, ताई, सब हरा है.” आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला तर कोणी उचलेना. मीच बनवलेला चौकोन माझ्या तोंडावर मला खोटं पाडत होता. नवऱ्याला एवढंच कळवलं की मी सौंसरला चालले, आणि स्कूटी काढली.

पांढुर्णा ते सौंसर एरवी तासाभराचा रस्ता. थंडीचे दिवस, तोंडावर गार वारा, आणि माझी पाठ घामानं भिजलेली. दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे, मध्ये मध्ये वेचणी झालेली कपाशी. कुठे शेतात काडीकचरा जाळलेला दिसला तरी मी स्कूटीचा वेग वाढवायचे. मनात सारखा एकच हिशेब चालू होता: काल हात घातला तेव्हा गरम लागलं, म्हणजे आज आत काय असेल? रचलेला कापूस पोटातून जळत गेला की वरचा थर नुसता कवचासारखा उरतो, त्यावर पाय पडला तर माणूस सरळ आत जातो. हे मला लहानपणी बाबांनीच सांगितलं होतं.

जामसांवलीच्या फाट्यावर गाड्यांची रांग लागलेली. शनिवार असल्यामुळे हनुमानाच्या दर्शनाला आलेल्या जीपा, ट्रॅक्टर, बसेस सगळं एकमेकांत अडकलेलं. आम्ही बौद्ध, घरात देवाचं नाव घ्यायची सवय नाही. कोणाकडे काय मागावं ते मला सुचेना. मी मोठमोठ्यानं ‘बाजूला व्हा, बाजूला व्हा’ म्हणत स्कूटी रस्त्याखाली घातली. नारळाची पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईनं माझा चेहरा पाहिला आणि समोरच्या लोकांना स्वतःच हातानं सारून मला वाट करून दिली. काय झालं, हेही तिनं विचारलं नाही.

जिनिंगच्या फाटकात शिरले तेव्हा वास आला. जुनं गोधडं जळताना येतो तसा, पण अगदी मंद. आवारातल्या कोणाला तो जाणवत नव्हता, ते दिवसभर त्यातच होते. शेडखाली सात नंबरच्या गंजीवर, अगदी माथ्यावर, बाबा उभे होते. हातात दाताळं, कापूस खाली ओढत होते.

“बाबा, उतरा! खाली उतरा!”

यंत्रांच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही. मला बघून ते हसले आणि हात हलवला. मी धावत जाऊन गंजीला टेकवलेली शिडी हलवायला लागले. तेव्हा त्यांना काहीतरी कळलं. ते शिडीकडे दोन पावलं आले, आणि तिसऱ्या पावलाला त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. त्या भोकातून पिवळट धूर निघाला. बाबा पुढे पडले, हात टेकला, तो हातही आत गेला. मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. शिडीच्या वरच्या पायरीवरून मी त्यांचा डावा हात धरलेला आठवतो. त्यांच्या अंगाला कापूस चिकटलेला होता आणि त्याच्या कडा लाल होत होत्या.

आम्ही दोघं खाली आलो तोपर्यंत कोणीतरी यंत्रं बंद केली होती. मग सगळे धावले. सरकीकडच्या बायांनी टाक्यातून बादल्या भरल्या, ओली पोती टाकली. हवा लागल्यावर भोकातून एकदाच मोठी ज्वाळा आली आणि पत्र्यापर्यंत गेली. ती आली तशी मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकले, आणि तिथून माझ्यानं हलवेना. लोडरनं ती गंजी फोडून मोकळ्या आवारात ओढली, पसरवली, पाण्यानं झोडपली. आठ नंबरचीही उघडली. ती नुसती कोमट होती. तासाभरानं आग पूर्ण विझली. ऑफिसच्या खिडकीतून कॉम्प्युटर दिसत होता. आठही चौकोन अजून हिरवेच होते. पहिल्या सहांचं ते हिरवं तरी खरं होतं.

बाबांचा उजवा तळवा आणि पोटरी भाजली होती. सरकारी दवाखान्यात पट्टी करत असताना सरांचा फोन आला. शेठनं त्यांना कळवलं होतं.

“शेठ म्हणतात सळईची वायर खराब होती,” सर म्हणाले. “वायर तर जळून गेलीच आहे. तू आत्ता काही बोलू नकोस.”

मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. जळलेल्या वायरीला कोण काय विचारणार? मग भीती वाटली, पण ती निराळी होती. नोकरी जाईल, बाबांचीही जाईल, गावात लोक म्हणतील की पोरीनंच बापाला जाळलं असतं. मी बाकावर बाबांशेजारी जाऊन बसले.

बाबांनी फोनवरचं ऐकलं होतं. ते म्हणाले, “वायर खराब होती का?”

“नाही.”

“मंग?”

“माझी चूक होती, बाबा. जुनी फाइल जोडली मी. कागद वाचला नाही. आणि तुमी फोनवर सांगत होते तेही ऐकलं नाही.”

ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. रागावतील असं वाटलं. रागावले नाहीत, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

“सोमवारी शेठ नवी वायर लावन,” ते हळूच म्हणाले. “कांप्युटर हिरवाच दाखवन. आन् सातवर म्या नसलो तं दुसरं कोनी चढन. सांगून दे.”

मी दवाखान्यातूनच शेठला फोन केला. सगळं सांगितलं. ते इतके ओरडले की शेजारी बसलेल्या बाबांना शब्दन्‌शब्द ऐकू गेला. त्याच संध्याकाळी त्यांनी कॉम्प्युटर बंद करून ठेवला. सर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. नोकरी गेली नाही. का गेली नाही, ते मी कधी विचारलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मी ते काम नव्यानं केलं. विकणाऱ्यांच्या मागे लागून नव्या लायब्ररीचा मूळ कोड मागवला आणि बत्तीस बिटसाठी ती स्वतः बांधली. सुरुवातीला भरलेले तीस काढून टाकले. आता आकडा आला नाही तर चौकोन काळा होतो आणि भोंगा वाजतो. लायब्ररी किती सळया वाचते, हे प्रोग्राम आधी तिलाच विचारतो, आणि उत्तर जुळलं नाही तर सुरूच होत नाही. या वेळी एकेक करून आठही सळया गरम पाण्यात बुडवल्या. शेठ हातात घड्याळ घेऊन बसले होते, पेढे वगैरे काही नव्हते. आठव्यांदा भोंगा वाजला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “ठीक हाये,” आणि उठून गेले.

बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. शेठनं त्यांना फाटकावर बसवलं, आलेल्या गाड्या बघायला. तिथे करमत नाही म्हणतात. मी सौंसरला गेले की जेवताना ते डाव्या हातानं भाकर मोडतात. मी मोडून देऊ का विचारलं तर म्हणतात, “राहू दे, जमते मले.” मग मी ताटात खाली बघून जेवत राहते.