गायरानातला हाका

आमच्या पेडगावात भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा सांगायला जातो. अंगात आलेल्या बाईला "आधी डॉक्टरला दाखवा" असं तोंडावर म्हणणारा माणूस आहे मी... त्यामुळे हे मी लिहिलंय असं गावात कळलं तर माझी चांगलीच टिंगल होईल. होऊ द्या. मुलगी म्हणाली, बाबा, कुणाला तरी सांगा. इथे इंटरनेटवर ओळखीचं कुणी नाही, म्हणून इथे सांगतो.

माझं शेत गावाबाहेर, गायरानाला लागून. गायरानाच्या कडेने ओढा, आणि ओढ्यात वेड्या बाभळीची दाट झाडी. रोह्यांचा कळप दिवसभर त्या झाडीत बसतो आणि आमच्या हरभऱ्यावर जगतो. (रोही म्हणजे नीलगाय. पाहिली नसेल तर घोड्याएवढं हरीण समजा.) पीक राखायला माझ्याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. कळपाने फारच नासधूस केली तर वनखात्याची परवानगी काढून एखादं जनावर मारता येतं. कागदावर! प्रत्यक्षात माझ्या हातून कधी ससासुद्धा मेला नव्हता.

हे काम दोघांचं असतं. एकाने गायरानात कडुलिंबाच्या बुडाशी बंदूक घेऊन बसायचं, दुसऱ्याने ओढ्याच्या पलीकडून आवाज करत जनावरं उठवायची. त्याला हाका म्हणतात. आमचा हाका मालन घालायची — माझी बायको. गडी लावू म्हटलं तर म्हणायची, "गडी नुसता वरडत सुटतोय. माझं मी बघते, तुमी बंदूक धरा नीट." मग जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं आणि उलथनं घेऊन ती झाडीत शिरायची. ठण ठण ठण... आणि थांबायची. बाभळीच्या काट्यातून पदर सोडवायला. मग पुन्हा ठण ठण. इकडे मी ते थांबणं ऐकून एकटाच हसायचो. जनावरं निघायची, मी बार टाकायचो, बार हमखास चुकायचा. बाहेर येऊन ती म्हणायची, "अवो, रोह्यायला तुमची लय वळख झाली. भीनाच झालेत."

मागच्या उन्हाळ्यात मालन गेली. कावीळ झाली आणि बघता बघता होत्याचं नव्हतं झालं. घरात मी आणि रेडिओ. मुलगी पुण्याला चला म्हणून मागे लागली. एकट्याला शेत होत नाही, विकून टाका म्हणाली. मी म्हटलं, एवढा हंगाम एकट्याने राखून दाखवतो. नाही जमलं तर येतो.

हरभऱ्याला घाटे धरले आणि कळप आला. निम्मा तुकडा पायाखाली गेला. मी परवानगी काढली, पण हाक्याला गडी लावला नाही. तिच्या जागेवर दुसरं कुणी उभं करायला मन घेईना. हाक्याशिवाय रोही समोर येत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. तरी रोज पहाटे जाऊन लिंबाखाली बसायचो. घरात बसण्यापेक्षा बरं, एवढंच.

त्या दिवशी उजाडलं होतं, कोवळं ऊन पडलं होतं. उठावं म्हणून गुडघ्यावर हात टेकला आणि ओढ्याकडून आवाज आला. ठण ठण ठण. मला वाटलं, ओढ्यापलीकडच्या विठ्ठलला माझी दया आली असणार. बरं वाटलं खरं तर. मग आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला... पुन्हा थांबला.

विठ्ठल काही पदर घेत नाही.

तेवढ्यात बाभळीतून कळप फुटला. सगळी जनावरं मागे बघत पळत होती, मागे माणूस असला की पळतात तशी. पुढे मोठा नर होता. बार कधी टाकला ते कळलंच नाही. नर जागेवर पडला.

बंदूकवाल्याने हाक दिल्याशिवाय हाक्याचं माणूस झाडीबाहेर येत नसतं, गोळी लागायची भीती असते. मी सवयीने बंदूक उघडली, काडतुसं काढली, बंदूक खाली ठेवली आणि ओरडलो, "ये गं, मोकळं आहे!" ओरडल्यावर आपण काय बोललो ते कळलं. पण तोंडातून गेलं होतं... आणि मी खरंच वाट बघत उभा राहिलो. कुणी आलं नाही. भीती वाटली नाही. राग आला. एवढं करायचं आणि यायचं नाही?

ओढा ओलांडून गेलो. ओल्या मातीत फक्त खुरांचे ठसे होते. विठ्ठल मोटार लावून पिकाला पाणी देत होता. विचारलं, "पातेलं तू वाजवलंस ना?"

"म्या? मी तर कवाचा दारं धरायलोय, दादा. मला वाटलं वैनीच—" त्याने फावड्याने माती ओढली. खाली बघतच म्हणाला, "सवय हो. इतक्या वर्साची."

दुपारी वनखात्याची माणसं आली, पंचनामा केला, जनावर घेऊन गेली. त्यातला एक म्हणाला, "एकट्यानं मारला? कमाल हाय काका!" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

कळप पुन्हा फिरकला नाही. उरलेलं पीक वाचलं, मुलगीही पुण्याचं नाव काढत नाही. म्हणजे मी जिंकलोच की! मनाचे खेळ म्हणावेत तर विठ्ठलनेही ऐकलं. दुसरं कुणी असेल तर ते आजवर समोर का आलं नाही? आणि जनावरं कुणाकडे बघत पळत होती? कुणाला उत्तर सुचलं तर सांगा, पण समजूत काढू नका.

हरभरा काढून झालाय. ओढ्याकडेच्या चार ओळी मात्र मी तशाच उभ्या ठेवल्यात. कुणी विचारलं तर मजूर मिळाले नाहीत म्हणतो. खरं कारण वेगळं आहे. रोही परत यावेत असं वाटतं. ते आले तरच त्यांना उठवायला कुणी येईल.