सोललेले शेंगदाणे

त्या दुपारची आठवण निघाली की आजही मी खुर्चीत सावरून बसतो. खाकी अंगावर असताना खून पाहिले, दरोडे पाहिले, पण असा थरार पुन्हा वाट्याला आला नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात फौजदार होतो. संक्रांत नुकतीच झालेली, गड्ड्याची जत्रा भरलेली, त्यामुळे ठाण्यातली जीप आणि जवळजवळ सगळी माणसं बंदोबस्ताला गेलेली. ठाण्यात उरलो होतो मी, पोटाचा घेर सांभाळणारे एक हवालदार आणि तिळगुळाचा डबा. हवालदारांचा हात डब्यात असतानाच एक बाई धापा टाकत आत आली.

"सायेब, लवकर चला. आमच्या शेजारी पोराला इख घातलंय!"

विष हा शब्द ऐकताच हवालदारांचा हात डब्यातून बाहेर आला. बाई बसेना, पाणी पिईना. तुकड्यातुकड्यांनी तिनं सांगितलं ते असं. तिच्या शेजारच्या दोन खोल्यांत मंगळवेढ्याकडचे दोन भाऊ राहत. दोघंही यंत्रमागावर कामाला. धाकट्याला दीड वर्षाचा मुलगा, थोरल्याला मूलबाळ नाही. धाकटी त्या सकाळी पोराला थोरल्या जावेपाशी ठेवून हळदीकुंकवाला गेली. थोरलीनं दार लावून घेतलं. काही वेळानं आतून पोर जोरात ठसकल्याचा आवाज आला. मग थोरली पदराखाली पुडकं घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली आणि ते उकिरड्यात टाकून आली. पुढं पोराची छाती घुरघुरायला लागली, ओठ निळे पडले. तेवढ्यात आई परतली आणि त्याला उचलून सरकारी दवाखान्यात पळाली.

"वांझोटीची नजर लई वाईट, सायेब. पुडकं टाकताना मी माज्या डोळ्यानं बगितलंय की," बाई म्हणाली.

मी स्टेशन डायरीत नोंद केली. हवालदारांना दोन पंच घेऊन त्या घरी पिटाळलं आणि बजावलं, "उकिरडा उपसा, घरातल्या वस्तूला कुणाला हात लावू देऊ नका, आणि त्या बाईला ठाण्यावर आणायचं नाही." बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा हा नियम. तो मोडून आपला रुबाब दाखवणारे महाभाग आमच्या खात्यात होते, मला त्यांची चीड यायची. हवालदारांना पायी जायला सांगून त्यांची सायकल मी घेतली. ते नाराज झाले, पण बोलले नाहीत.

दवाखान्यात पोर आईच्या मांडीवर होतं. नाकाला प्राणवायूची नळी लावलेली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता आणि आत शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. आई नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

डॉक्टर तरुण होते आणि वैतागलेले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "फौजदारसाहेब, एवढ्या लहान पोराचा श्वास एकदम अडकायला कारणं कमी नसतात. घटसर्प असेल तर घशात पडदा दिसतो, तो नाही. निमोनिया म्हणावा तर ताप नाही. रॉकेल प्यायला असता तर वास आला असता. विंचू चावल्याची खूण नाही. दमा असेल तर दोन्ही बाजू वाजतात, याची उजवी बाजू हवाच घेत नाही. काहीतरी अडकलंय असा माझा संशय आहे. पण आई तेव्हा घरात नव्हती, तिला काही ठाऊक नाही, एक्स-रेत काही दिसत नाही, आणि बाहेर सगळे विष विष म्हणून ओरडतायत."

"अडकलं असेल तर काढता येईल?"

"भूल देऊन श्वासनळीत दुर्बीण घालावी लागेल. पण विषानं छाती भरली असेल आणि मी भूल दिली, तर पोर टेबलावरच जाईल. पोटात काय गेलं आणि छातीत काय गेलं, एवढं मला खात्रीनं सांगा. आणि लवकर सांगा."

मी सायकलवर उडी मारली. नव्या साड्यांतल्या बायका, फुगेवाले, टांगे, सगळ्यांतून घंटी वाजवत सुटलो. लोकांना वाटलं असेल, फौजदाराला वेड लागलं.

घरापुढं गर्दी जमलेली. मी सगळ्यांना हाकललं, फक्त पंच ठेवले. थोरली भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडावर. वय तिशीचं, हात कामानं रापलेले. मी विचारलं, "पोराला काय दिलंत?"

"काय न्हाय."

"दार का लावलं होतं?"

तिनं गुडघे पोटाशी ओढून घेतले. फळीवर ढेकणाच्या औषधाची बाटली होती. मी उचलून पाहिली. बूच पक्कं आणि वर धुळीचा थर. ती महिनोन्महिने हललेली नव्हती. खोली मात्र कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून काढलेली. नुसतं तोंड मिटून बसलेला गुन्हेगार मी ओळखतो, तो पोलिसाकडं चोरून बघत असतो. ही माझ्याकडं बघतच नव्हती, कोपऱ्यातल्या रिकाम्या पाळण्याकडं बघत होती.

तेवढ्यात हवालदार आले. एका हातानं नाक धरलेलं, दुसऱ्या हातात फडक्याचं पुडकं, आणि चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद. "साहेब, मुद्देमाल सापडला!"

पंचांसमोर गाठ सोडली. आत चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, थोडा हलवा आणि शेंगदाणे.

"हात्तिच्या! हे तर बोरन्हाणाचं सामान," हवालदार हिरमुसून म्हणाले.

माझ्या डोक्यात मात्र दिवा लागला. बोरन्हाणात पोराच्या डोक्यावरून ओतलेलं हे सामान गल्लीतली पोरं लुटून नेतात. ते उकिरड्यात कुणी टाकत नाही. आणि घरोघरी शेंगा टाकतात त्या टरफलासकट. इथं दाणे होते, तेही साल काढून, दोन फाका केलेले. मी एक फाक उचलली. दीड वर्षाच्या पोराच्या नळीत ती सहज बसली असती.

विषाचं नाव न काढता मी विचारलं, "बाई, शेंगा का सोलल्या?"

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "टरफल लागंल की त्याच्या डोस्क्याला. लई मऊ हाय त्याचं डोस्कं."

आणि मग तिचा बांध फुटला. धाकटीनं पोराचं बोरन्हाण केलं तेव्हा हिला दुसऱ्या खोलीत बसवलं होतं. पोराला न्हाऊमाखू घालायला, झोपवायला, त्याचं दुखणंखुपणं काढायला ही चालत होती, ओवाळायला चालत नव्हती. म्हणून एकटी सापडताच तिनं दार लावलं, त्याला पाटावर बसवलं आणि आपल्या हातानं बोरन्हाण घातलं.

"दाणं तोंडात घातले त्यानं?"

"व्हय. हसत हुता, लई हसत हुता. हसता हसता ठसाकला, लाल झाला. मी पाठ चोळली. मग पुन्ना खेळाया लागला. मला वाटलं, गेलं पोटात."

मी उठलो तशी तिनं माझे पाय धरले. "सायेब, इख घातलं म्हना, पर मी बोरन्हाण घातलं म्हनू नगा. वांझोटीनं ओवाळलं म्हून त्याचा दम कोंडला, आसं म्हंतील. मग मला त्याच्या जवळ बी येऊ देनार न्हाईत."

खुनाचा आळ चालेल पण पोर दुरावायला नको, असं म्हणणारी ही बाई! मी वाकून तिला उठवलं. मी तिला सांगितलं, "अहो, तुमच्या ओवाळण्यानं काही झालेलं नाही. दाणा अडकलाय, आणि तो निघू शकतो."

नमुन्याची फाक मुठीत धरून मी पुन्हा सायकल हाणली. दवाखान्याच्या पायऱ्या दोनदोन चढलो आणि मूठ डॉक्टरांपुढं उघडली. त्यांनी एकदा दाण्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "हे खातानाच ठसका लागला होता?" "लागला होता. मग काही वेळ पोर खेळत होतं." "शेंगदाणाच! चला!" म्हणत ते पोराला घेऊन आत पळाले.

बाहेर मी येरझारा घालत होतो. तेवढ्यात हवालदारांच्या मागोमाग थोरली आली आणि बाहेरच्या पायरीवरच बसली. आत यायची तिची हिंमत होईना. मग आतून पोराचं रडणं ऐकू आलं. खणखणीत, रागावलेलं रडणं! इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही. डॉक्टर बाहेर आले, त्यांच्या हातातल्या ताटलीत दाण्याची फाक, ओलाव्यानं फुगलेली. हवालदारांनी भर दवाखान्यात टाळ्या वाजवल्या आणि परिचारिकेचा ओरडा खाल्ला.

आईनं विचारलं, "दाना कुटनं आला?"

थोरली पायरीवरून मला हात जोडत होती. पण खोटा जबाब मी लिहिणार नव्हतो, आणि अर्धवट सत्य तर त्या बाईला विषाच्या आळाहून महाग पडलं असतं. मी सगळं सांगितलं, सोललेल्या टरफलासकट.

धाकटी पायरीपाशी गेली. "आक्का, माज्या म्होरं का न्हाय घातलं?"

"तू घालू दिलं आस्तंस?"

"न्हाय," धाकटी म्हणाली. ती तिच्याशेजारी पायरीवर बसली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

गुन्हा दाखल झाला नाही. शेजारणीला मी दोष देत नाही. दार, ठसका, पुडकं, तिनं पाहिलं ते सगळं खरं होतं, चुकला तो तिनं काढलेला अर्थ. तेव्हापासून चौकशीत 'कुणी केलं' हे मी नंतर विचारू लागलो, आधी 'काय झालं' ते विचारायचं. पोराला एकाएकी धाप लागली तर डॉक्टरांकडं पळता पळता शेवटचं त्याच्या तोंडात काय गेलं तेही विचारा. आणि विचारताना पट्टा, काठी, आवाज बाजूला ठेवा, कारण घाबरलेला माणूस नेमकं तेच लपवतो.

पुढच्या संक्रांतीला मला आणि हवालदारांना त्या घरचं बोलावणं आलं. पोर काळ्या झबल्यात, हलव्याचे दागिने घालून थोरलीच्या मांडीवर बसलेलं. धाकटीनं तिच्या हातात सूप दिलं. त्यात बोरं नव्हती, चुरमुरे नव्हते, नुसत्या शेवंतीच्या पाकळ्या. "घाला, आक्का," ती म्हणाली. सगळ्या गल्लीसमोर थोरलीनं पोराच्या डोक्यावरून पाकळ्या ओतल्या.

पोरानं एक पाकळी उचलून तोंडात घातली, तशा दोघी जावा एकदम ओरडल्या, "थुक!"