मित्सुयोच्या नावाने आलेले तांदूळ

सोमवारी सकाळी कुरियरवाल्याने दार वाजवून विचारलं, "वाकुई मित्सुयो इथेच राहतात ना?"

गेन्झो "हो" म्हणून बसला. आपण काय बोललो ते ध्यानात येईपर्यंत कागदावर सहीऐवजीचा शिक्का उमटला होता आणि पाच किलोचं खोकं उंबऱ्याशी येऊन पडलं होतं. मित्सुयो म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील.

खोक्यात नवे तांदूळ आणि एक पत्र होतं. कांजी लिपीतल्या अक्षरकोड्यांच्या मासिकातलं जुलैचं बारावं कोडं अचूक सोडवलंत, सोडतीत आपलं नाव निघालं, अभिनंदन. तांदूळ निगाताचे. शोनाईच्या, म्हणजे भाताच्याच मुलखातल्या माणसाला निगाताचे तांदूळ पाठवायचे म्हणजे नारळाच्या बागवाल्याला शहाळं भेट द्यायचं. एरवी गेन्झोने यावर तासभर तोंडसुख घेतलं असतं. आज तो पत्रावरचं नावच पुन्हा पुन्हा वाचत राहिला. मेलेल्या बाईने जुलैत पोस्टकार्ड टाकलं कसं? आणि तिने नाही टाकलं, तर या घरात दुसरं होतं कोण?

घरात आलेली वस्तू आधी देव्हाऱ्यापुढे ठेवायची ही रीत. त्याने खोकं मित्सुयोच्या फोटोपुढे ठेवलं, घंटा वाजवली आणि तिलाच विचारलं, "काय गं, तू पाठवलंस की मी?" फोटोतली मित्सुयो हसतच होती. जिवंतपणीही अडचणीच्या प्रश्नाला तिचं हेच उत्तर असे.

आता गेन्झोचं अक्षरांशी नातं काय, ते सांगायला हवं. सोळाव्या वर्षी तो त्सुरुओकातल्या एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे वेचायला लागला. डाव्या हातात पेटी, उजव्या हाताने भिंतभर मांडलेल्या शिशाच्या अक्षरांतून नेमकं अक्षर उचलायचं. पुढे यंत्रं आली, भिंती रिकाम्या झाल्या आणि गेन्झोने निवृत्तीपर्यंत त्याच छापखान्यात गठ्ठे बांधले. कुरकुर केली नाही असं नाही, रोज केली. पण अक्षरं डोक्यातून गेली नाहीत. गुरुवारी पेठेच्या सभागृहात म्हातारीकोतारी मंडळी मेंदूला गंज चढू नये म्हणून कोडी सोडवायला बसतात. चार बाजूंना चार अक्षरं, मधलं घर रिकामं. असं एक अक्षर भरायचं की चारही बाजूंनी शब्द जुळावेत. बाकीचे कपाळ चोळत बसायचे आणि गेन्झोचा उजवा हात हवेतच वर उजवीकडे जायचा. अक्षर पूर्वी तिथे ठेवलेलं असायचं ना!

मित्सुयोला त्याच्या निम्मीसुद्धा अक्षरं येत नसत. ती नवऱ्याची उत्तरं बघून उतरवायची, आपल्या नावाने कार्ड टाकायची, आणि बक्षीस यायचं ते तिलाच. टॉवेल, चहा, एकदा तर खेकडे. गेन्झोला जन्मात काही लागलं नाही. "विद्या तुमची, नशीब माझं," म्हणायची.

तर प्रश्न तांदळाचा नव्हता. मुलगी चिझुरु दूर ओमिया शहरात असते. उन्हाळ्यात इथे आली तेव्हा तिने करपलेलं पातेलं पाहिलं, एकच गोष्ट दिवसात तीनदा ऐकली, आणि जाताना बजावून गेली, "बाबा, आता आणखी एक असला प्रकार झाला ना, की घर बंद आणि तुम्ही माझ्याकडे. मला रात्रीची झोप लागत नाही हो." गेन्झोने तेव्हा मोठ्या तोऱ्यात कबूल केलं होतं. येत्या शनिवारी ती येणार होती.

मंगळवारी त्याने तांदूळ अंथरुणांच्या कपाटात लपवले. बुधवारी दुसरं खोकं आलं. त्यात वाचायचा दिवा होता, ऑगस्टच्या कोड्याचं बक्षीस, नाव पुन्हा मित्सुयोचंच. गेन्झोने खोकं पुन्हा बंद केलं. त्याला भीती वाटली. ती चोराची नव्हती की भुताची नव्हती. आपल्याच घरात आपल्याला न कळता आपण वावरतो आहोत, याची ती भीती होती.

गुरुवारी तो सभागृहात गेला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. वर्ग चालवतात त्या तोगाशीबाई, चौऱ्याऐंशीच्या, निवृत्त शिक्षिका. शेजारी इगाराशी बसला होता. त्याचं सार्वजनिक स्नानगृह बंद पडून दहा वर्षं झाली, पण आवाज अजून वाफेतून हाका मारल्यासारखा. त्यानेच सुरुवात केली.

"काय वाकुईराव, हात हलवत आलात? काही आणलं नाहीत?"

"काय आणायचं?"

"अहो, घरी काही आलं नाही का? तांदूळबिंदूळ?"

गेन्झोच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "तुला कसं ठाऊक?"

तोगाशीबाईंनी इगाराशीला कोपराने ढोसलं, पण बातमी फुटली होती. मग बाईंनीच सांगून टाकलं. मासिकाचा नियम, एका अंकाला माणशी एकच कार्ड. इतकी वर्षं सगळ्यांनी टाकली, कुणाला साधी पेन्सिल लागली नाही. लागायचं ते मित्सुयोला. म्हणून जुलैत सगळ्यांनी मिळून एक कार्ड तिच्या नावाने टाकलं.

"अहो, पण ती गेली की!" गेन्झो ओरडला.

"बाई गेली, नशीब कुठे जातंय?" इगाराशी म्हणाला. "आणि बघा, लागलं की नाही? सोमवारी तुमच्या दारात तांदळाचं खोकं उतरताना मी पाहिलंच. पत्ता तुमचाच टाकावा लागला. आलेलं तुम्ही वाटल्याशिवाय राहत नाही, म्हणून आम्ही सोमवारपासून डबे घासून बसलोय. तुम्ही मात्र गिळून गप्प!"

गेन्झोच्या जिवात जीव आला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना त्याने तोंड भरून शिव्या दिल्या, आणि निगाताचे तांदूळ कोण खातो, कोंबड्यांना घाला, असंही सुनावलं. मग डोळे पुसत म्हणाला, "आणि दिवासुद्धा तुमचाच म्हणा की."

कुणी हसलं नाही.

"कसला दिवा?" इगाराशीने विचारलं. बाईंचं कोपर या वेळी जरा जोरातच बसलं असावं. "हां, तो दिवा," तो घाईघाईने म्हणाला, "तो मीच."

"तुम्ही कुठले? कार्ड मी टाकलं," तोगाशीबाई म्हणाल्या. मागच्या बाकावरच्या एका आजीनेही हात वर केला. तिलाही आठवत होतं म्हणे. एका दिव्याला तीन धनी निघाले. गेन्झोने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. साठ वर्षांच्या ओळखीत ही माणसं इतकी वाईट खोटं बोलताना त्याने पाहिली नव्हती.

"बरं बरं," तो म्हणाला आणि पुढचं कोडं सोडवायला बसला. हात हवेत गेला नाही.

शुक्रवारी त्याने ऑगस्टचा अंक शोधून काढला. कार्ड पोस्टात टाकलं की कोड्याशेजारी पेन्सिलीने तशी नोंद करायची त्याची पद्धत. बाराव्या कोड्याशेजारी लिहिलं होतं, 'पाठवलं'. खाली दुसऱ्या ओळीत, 'मित्सुयोचंही पाठवलं'. अक्षर त्याचंच, स्वच्छ, एकेक रेघ जागच्या जागी. त्याने त्या ओळीकडे खूप वेळ पाहिलं. ते कार्ड टाकल्याचा दिवस काही आठवेना.

शनिवारी चिझुरु आली. दिवा देव्हाऱ्यापाशी होता. तिने आधी उदबत्ती लावली, मग विचारलं, "हा नवा दिसतोय. कुणी दिला?"

उत्तर तयार होतं. वर्गातल्या लोकांनी, एवढं म्हटलं की झालं. तोगाशीबाईंनी सकाळीच फोन करून सांगितलं होतं, "वाकुईराव, चिझु विचारायला आलीच तर मी शपथेवर सांगेन." हे घर, हा गुरुवार, सगळं त्या एका वाक्यावर राहणार होतं. गेन्झोने तोंड उघडलं. मग मनात आलं, आज हे बोलायचं, उद्या तेच बोलायचं, नव्या वर्षाला तिने पुन्हा विचारलं तर तेव्हाही हेच बोलायचं. एवढं सगळं लक्षात ठेवणार कोण?

"मी तुझ्या आईच्या नावाने कार्ड टाकलं होतं," तो म्हणाला. "लिहून ठेवलंय, पण मला आठवत नाही गं, चिझु. मुळीच आठवत नाही."

चिझुरुने येताना तयार करून आणलेली सगळी वाक्यं बाजूला ठेवली. ती त्याच्याजवळ सरकून बसली आणि लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी तिने त्याच्या बाहीची कड धरली. या खेपेला रस्ता कोण कुणाला ओलांडून देणार होतं, ते दोघांनाही कळत नव्हतं.