आधीच केलेली खूण

सोल्डरिंगच्या राळेचा वास आला की वडगावच्या घरातलं आमचं जेवणाचं टेबल आठवतं; त्यावरच मी लोकांच्या बिघडलेल्या डिस्क दुरुस्त करायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आबा खंडाळ्याहून बंद पडलेली हार्ड डिस्क रुमालात बांधून घेऊन आले होते. तिच्यात लेकीच्या हळदीचा व्हिडिओ होता. "कारभारीण जाऊन वरीस झालं, ताई. ती हसताना तेवढ्यातच दिसती," ते म्हणाले. डिस्क चालवणारं आतलं फर्मवेअर बिघडलं होतं. माझ्या यादीत पहिलंच काम होतं, मूळ फर्मवेअरची प्रत काढून ठेवणे. सोप्या कामांवर मी आधीच खूण करून टाकायचे, तशी केली, तेवढ्यात फोन आला. परत आले, खूण पाहिली, प्रत काढून झाली असं समजले आणि तशाच दुसऱ्या डिस्कचं फर्मवेअर तिच्यावर चढवलं. मूळचं पुसलं गेलं, आणि डिस्क पुन्हा कधीच उघडली नाही. आबांना मी सांगितलं, "डिस्क आधीच गेली होती हो." "असू द्या, तुमी लय खटपट केली," म्हणत त्यांनी पिशवीतून घरचा आंबेमोहोर तांदूळ काढून त्याच टेबलावर ठेवला, आणि मी तो घेतला. बाजारात भेटले की आबा अजून हात जोडतात. आता मी काम झाल्यावरच खूण करते, पण त्यांना खरं सांगणे हे काम अजून एकाही यादीत लिहिलेलं नाही.